२१४७४८३६४७ ला अटक करा

पत्रकाला आरोपी लागतो. हे मला कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिकवलं गेलं आणि मी ते मनावर घेतलं. "व्यवस्था" असं मोघम लिहू नका, सांगायचे, व्यवस्थेला तोंड नसतं, लोक वाचत नाहीत. नाव लिहा. नाव नसेल तर हुद्दा लिहा. तोही नसेल तर गाडीचा नंबर लिहा, पण कोणाकडं तरी बोट दाखवा. मी एकदा चक्क एका आकड्याकडं बोट दाखवलं. त्याच्या अटकेची मागणी केली आणि ती पाचशे प्रतींत छापून वाटली.

तो आकडा आमच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवरून आला. आमचा बंजारा तांडा ढाणकीजवळ आहे. माझी धाकटी बहीण बारावी झाली होती आणि तिला यवतमाळला गणित घेऊन बी.एस्सी. करायची होती. कॉलेजात प्रवेश मिळाला होता, राहायची सोय नव्हती. ढाणकीहून यवतमाळ रोज जाऊन येण्याइतकं जवळ नाही. मुलींचं एक खाजगी वसतिगृह होतं, तिथं तिनं अर्ज केला होता. वसतिगृह मिळालं तर गणित, नाही तर मामाच्या गावचं कॉलेज. तिथं गणित नव्हतं. याडीनं, म्हणजे आईनं, हे तिला दोनच वाक्यांत सांगितलं होतं.

सोमवारी वसतिगृहानं अर्जदारांची यादी टाकली. चाळीस नावं. खाली सूचना: निवड झालेल्या मुलींना मोबाइलवर मेसेज पाठवला आहे, त्यातला कोड घेऊन शनिवारी पाचच्या आत हजर व्हावे, अन्यथा जागा रद्द. आमच्या मोबाइलवर मेसेज आला नव्हता. म्हणून मी यादीत तिच्या नावापुढचा नंबर पाहिला. २१४७४८३६४७. आमचा नव्हता. मग मी वरच्या मुलीचा पाहिला. २१४७४८३६४७. खालचीचा पाहिला. तोच. चाळीसपैकी एकोणचाळीस मुलींच्या नावापुढं एकच मोबाइल नंबर!

माझं डोकं फिरलं. अजूनही आठवलं की फिरतं. एकोणचाळीस घरांचे मेसेज एका माणसाच्या खिशात जातात आणि कोणी हूं का चूं करत नाही?

मी फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई म्हणाली. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. तोवर आमच्या दाराशी माणसं जमली होती. तांड्याचे नायक काठी टेकवून ओट्यावर बसले. त्यांना सगळी हकीकत सांगितली, तर त्यांनी त्या नंबरावर बोट ठेवलं.

"एवढ्या सगळ्यायचे मेसेज त्या एकट्याले येतात?"

"हो ना नायक!"

"मंग त्याचं डोकं दुखत असंन बापा."

"अहो तो चोर आहे!"

"असंन. पन चोराले बी झोप लागते का नाई, मेसेज वाजून राह्यले त दिवसभर."

बहीण आत चुलीपाशी यादी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भिया, दोननं सुरू होणारा मोबाइल नंबर नसते. अन् हा नंबर मले माहीत हाये."

मी उडालोच. "कोणाचा हाये? नाव सांग!"

"कोनाचाच नाई. मूळसंख्या हाये हे. कशानंच भाग जात नाई हिले."

तिनं कॉलेजच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञानं ही संख्या हातानं तपासली, आणि तेव्हा त्याला दिसणंही जवळजवळ बंद झालं होतं. मी म्हटलं, "तुझी जागा जाऊन राह्यली अन् तू मले आंधळ्याची गोष्ट सांगून राह्यली!" घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत भांडतो, त्यामुळं खरं वाक्य याहून वाईट होतं. याडीनं मला उलथनं दाखवलं.

मी पत्रक लिहायला बसलो. मजकूर अजून पाठ आहे.

"जाहीर सवाल! २१४७४८३६४७ हा कोण? एकोणचाळीस मुलींच्या निवडीचे मेसेज गिळणारा हा दलाल कोणाचा माणूस आहे? आमच्या मागण्या: या नंबरच्या मालकाचे नाव जाहीर करा. त्याला अटक करा. आणि पालकांनो, वसतिगृहाच्या नावाने कोणाचाही फोन आल्यास विश्वास ठेवू नका. फोन ठेवा. जागे राहा!"

शेवटच्या तीन वाक्यांचा मला विशेष अभिमान होता.

बुधवारी ढाणकीच्या छापखान्यातून पाचशे प्रती आणल्या. एका बाजूनंच छापल्या होत्या. मागची बाजू कोरी सोडायची नाही, हेही शिबिरात शिकवलं होतं, पण मागं लिहायला माझ्याकडं दुसरा आरोपी नव्हता. एका प्रतीचा फोटो जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. दुपारपर्यंत तो मलाच तीन ठिकाणांहून परत आला. बहिणीनं गठ्ठ्यातल्या शंभरेक प्रती उचलल्या. मला वाटलं, वाटायला नेते आहे. पाहतो तर मागच्या कोऱ्या बाजूवर ती भागाकार करत होती.

"हे काय?"

"पुस्तकावर कायले विश्वास ठेवू? स्वतः करून पाहून राह्यली."

"कितीनं कितीनं भागशील? दोनशे चौदा कोटी आहे ते!"

"तेवढे नाई लागत," ती म्हणाली. तिनं समजावलं ते असं. संख्या फुटली तर तिचे दोन तुकडे होणार. दोन्ही तुकडे सेहेचाळीस हजार तीनशे एक्केचाळीसच्या वरचे असतील तर गुणाकार जास्त होईल, म्हणून एक तरी त्याच्या आतला असलाच पाहिजे. तेव्हा तिथं थांबायचं. आतलेही सगळे नाहीत. जिला दोनशे अठ्ठेचाळीसनं भागून बाकी एक किंवा त्रेसष्ट उरते, तीच संख्या हिला भागू शकली तर शकेल, बाकीच्यांची ऐपतच नाही. का, ते मी विचारलं, तिनं सांगितलं, मला कळलं नाही. पण चारशेच्या आत भागाकार उरतात, एवढं कळलं. पहिली कामाची संख्या तीनशे अकरा. तिनं कागद दाखवला. पुढून अटकेची मागणी, मागून तीनशे अकराचा भागाकार, बाकी पस्तीस.

"नाही फुटला," मी म्हटलं.

"अजून कुठं? हे त पह्यलीच हाये."

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की एकोणचाळीस जणींचा नंबर सारखा आहे, मग चाळिसावी? चाळिसाव्या मुलीच्या नावापुढं सहा आकडी दूरध्वनी होता आणि पत्ता कळंबचा. एकटीचाच नंबर खरा! म्हणजे तिच्या बापाचा यात हात आहे. म्हणजे तो दलालाचा माणूस आहे. म्हणजे दलाल कळंबला आहे. इतकी सरळ गोष्ट माझ्या आयुष्यात त्याआधी कधी दिसली नव्हती.

गुरुवारी पहाटेच्या गाडीनं आम्ही यवतमाळ गाठलं आणि तिथून कळंब. चिंतामणीच्या देवळाजवळ त्या माणसाचं नारळ-हारांचं दुकान होतं. गल्ल्याशेजारी काळा टेलिफोन, त्यावर हळदीकुंकू. मी पत्रक त्याच्यापुढं आपटलं.

"हे वाचा!"

त्यानं चष्मा शोधला, पत्रक वाचलं, खूश झाला. "वा! पोरीचं नाव हाये का यात?"

"तुमच्या मुलीची निवड झाली का?"

"झाली न! काल वसतिगृहातून फोन आलता. तुम्ही अभिनंदन कराले आले काय? बसा, बसा. चहा घ्या."

"फोन आला? मेसेज नाही?"

"डब्ब्यावर कुठून येईन मेसेज भाऊ? आमचा मोबाइल पान्यात पडलता, म्हनून दुकानाचा नंबर लिवला. तिथला बाबू म्हने, एवढाच एक नंबर लागून राह्यला, बाकीचे सगळे एकाच मानसाचे हाये." असं म्हणत त्यानं पत्रक उलटं केलं आणि एका गिऱ्हाइकाचा प्रसादाचा पेढा त्यात बांधायला घेतला.

"काका, तो कागद नका देऊ!" बहीण ओरडली. "त्याच्यावर तेराशे तीन हाये!"

दुकानदारानं घाबरून पेढा खाली ठेवला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस दलाल नव्हता, हे मला पटत चाललं होतं आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

बहीण मात्र टेलिफोनकडं पाहत होती. "ह्यांचा नंबर लहान हाये," ती हळूच म्हणाली. "लाखातला. अन् आपल्या सगळ्यायचे मोठे." तिनं तोच कागद मांडीवर घेतला. दलालाच्या नंबरात एक मिळवला. मग त्याचं अर्धं केलं. अर्ध्याचं अर्धं केलं. पुन्हा अर्धं. नारळाच्या पोत्यावर बसून ती एकतीस वेळा अर्धं करत गेली, आणि कुठंही विषम न होता, कुठंही न अडकता, संख्या उतरत उतरत थेट एकावर आली.

"बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक," तिनं वाचून दाखवलं. "भिया, हा मानूस नाई. हे माप हाये."

"कसलं माप?"

"आपली पायली. पायलीत तुम्ही दोन पायल्या ओता का दहा ओता, काठापर्यंत भरते अन् वरचं सांडते. पाहणाऱ्याले पायलीच दिसते. कॉम्प्युटरमंधी नंबर ठेवाची पेटी तेवढीच बनवली कोनीतरी. एकाचे एकतीस वेळा दुप्पट केले, त्यातून एक काढला, एवढंच मावते तिच्यात. मोबाइल सहाशे कोटीच्या वरूनच सुरू होतात. सगळे सांडले."

दुकानदार म्हणाला, "पोरगी हुशार हाये तुमची. अन् तुम्ही काय करता?"

मी चहा प्यायलो.

पण मी इतक्या लवकर हरणारा नव्हतो. परत यवतमाळला जाताना गाडीत मी तिला म्हटलं, एकतीस हीसुद्धा मूळसंख्या आहे ना? मग झालं तर. एकतीस फुटत नाही म्हणून तुझा मोठा आकडाही फुटणार नाही. सिद्ध झालं. भागाकार बंद कर, गाडी हलते आहे.

"अकरा फुटते का?"

"नाही."

"अकरा वेळा दुप्पट कर अन् एक वजा कर. दोन हजार सत्तेचाळीस. तेवीस गुणिले एकोननव्वद. फुटला." तिनं पेन्सिलीनं माझ्या खिशातल्या पत्रकांवर टकटक केलं. "तुहं सगळं असंच असते. एक गोष्ट दिसली का तू दुसरीले अटक करते."

वसतिगृहाच्या कार्यालयात पोहोचल्यावर मी सवयीनं आधी सतरंजी टाकली. घोषणा दिल्या. आतून कारकून आला, साठीकडं झुकलेला, कानावर पेन. मी पत्रक दिलं. त्यानं वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले म्हणा ना.

"भाऊ, मी बी ह्यालेच शोधून राह्यलो! तीन डाव मेसेज पाठवला. उचलतच नाई. काल त मी त्याले लिवलं, महाशय, कृपया मुलींना कळवा."

त्यानं रजिस्टर दाखवलं. चोवीस नावांपुढं एकाच हस्ताक्षरात लिहिलं होतं: वारंवार कळवूनही प्रतिसाद नाही. निवड झालेल्या पंचवीस जणींवर खूण होती. त्यात माझी बहीण पहिली होती. पहिली! आणि तिच्या नावापुढं प्रतिसाद नाही. शनिवारी पाचनंतर कळंबची मुलगी सोडून बाकी सगळ्या जागा प्रतीक्षायादीला गेल्या असत्या, आणि प्रतीक्षायादीच्या नावांपुढंही तोच नंबर होता.

मी भाषण सुरू केलं. बहीण म्हणाली, "भिया, बेस." मी बसलो.

रेक्टर मॅडम बाहेर आल्या. कडक बाई. पायलीची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "बोलण्यावर नाही जाणार मी. दाखव." बहिणीनं कारकुनाला कॉम्प्युटरवर दलालाच्या नंबराहून एकानं कमी आकडा टाकायला सांगितला. जसाच्या तसा राहिला. मग एकानं जास्त. पडदा हलला आणि आला २१४७४८३६४७. "आता काका, तुमचा मोबाइल टाका."

कारकुनानं स्वतःचा नंबर टाकला. आला २१४७४८३६४७. तो खुर्चीतून उठला.

"म्हंजे मीच हाये का तो?"

मॅडमनी माझं पत्रक पुन्हा वाचलं. "अटक आधी कोणाला करायची?" त्यांनी मला विचारलं. मी सतरंजी गुंडाळली.

खरे नंबर कागदी अर्जांवर होते, अर्ज कपाटात होते. मॅडमनी बहिणीला तिथंच ठेवून घेतलं, मी जवळच्या लोहारा गावी एका कार्यकर्त्याच्या खोलीवर गेलो, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही फोन लावायला बसलो. पहिला फोन मी लावला, दिग्रसकडच्या एका गावात.

"नमस्कार, वसतिगृहातून बोलतोय. तुमच्या मुलीची निवड झाली."

"कोन बोलून राह्यलं?"

"वसतिगृहातून."

"असं काय? आमच्या ग्रुपवर पत्रक आलं हाये. फोन आला त ठेवा म्हने. लय चांगलं लिवलं हाये कोनं तरी. ठेवतो."

मी पुन्हा लावला. "काका, ते पत्रक मीच लिहिलंय!"

"पाहा," तो फोनच्या बाहेर कोणाला तरी म्हणाला, "आता दलाल पत्रकवाल्याचं नाव लावून राह्यले."

दुपारपर्यंत कोणीही विश्वास ठेवला नाही. जिल्हा जागा झाला होता. तो मी केला होता. माझं एवढं यशस्वी पत्रक आधी कधीच नव्हतं, आणि तेवीस पोरींच्या जागा त्या यशानं जात होत्या. मी कारकुनाला म्हटलं, खंडन काढतो. तो म्हणाला, "भाऊ, पत्रक नका काढू आता. हात जोडतो."

तेव्हा बहिणीनं फोन माझ्या हातून घेतला. ती बापांशी बोलायचीच नाही. "मुलगी जवळ हाये का? निवडीचं नाई सांगत काका, एक गणित सांगायचं हाये." गणित म्हटल्यावर कोणी फोन ठेवत नव्हतं. दलाल गणित कायले घालंन? मग मुलगी यायची, आणि बहीण सांगायची, पत्रकातला नंबर लिही. एक मिळव. अर्धं करत जा. कुठवर जाते पाह्य. मग तुझ्या बाबाच्या नंबराचं करून पाह्य, दोन-तीन पायऱ्यांत अडकंन. माणसाचा नंबर असा एकापर्यंत उतरत नाही. झालं की सांगजो.

अर्ध्या तासानं फोन यायला लागले. "ताई, एक आला." "ताई, माहा अर्धा आला." "कुठंतरी चुकली तू, पाचवी पायरी पाह्य." "हो, चुकली. एक आला." कारकून प्रत्येक 'एक'ला कोड सांगत होता आणि रजिस्टरात प्रतिसाद लिहीत होता.

शनिवारी साडेचारपर्यंत बाकीच्या हजर झाल्या होत्या, एकच उरली होती, माझ्या पहिल्या फोनवाली. तिच्या बापानं नंतर फोन उचललाच नव्हता. पावणेपाचला फाटकासमोर गाडी थांबली. बाप उतरला, मुलगी उतरली आणि मागून सहा माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात माझं पत्रक.

"दलाल कोन हाये?" बापानं विचारलं. "तोंड पाहाचं हाये त्याचं."

कारकुनानं माझ्याकडं बोट केलं. शिबिरातली शिकवण त्यालाही कोणी दिली असावी.

मी हात वर केले. "दलाल नाही कोणी. पत्रक मी लिहिलं. चुकलं."

"चुकलं कसं? लय पटलं आमाले!" सहापैकी एक म्हणाला. त्यांचा माझ्यावर नाही, माझ्या पत्रकावर विश्वास होता, आणि मी ते खोटं म्हणत होतो, म्हणून मीच दलाल ठरत होतो. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. बहिणीनं बापाच्या हातातलं पत्रक घेतलं, उलटं केलं, टेबलावर ठेवलं आणि त्या मुलीला पेन्सिल दिली.

मुलीनं एक मिळवला. अर्धं करायला लागली. सहा माणसं खांद्यावरून वाकून पाहत होती. मध्ये एकजण म्हणाला, "हातचा विसरली," दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस. सोळाला सगळेच मोठ्यानं म्हणायला लागले. आठ, चार, दोन.

"एक," बाप म्हणाला. मग माझ्याकडं वळून, "मंग हे आधी मांगच्या बाजूले काहून नाई छापलं?"

कारकुनानं प्रतिसाद लिहिला. पाचला तीन मिनिटं कमी होती.

दुसरं पत्रक मी काढलंच. या वेळी दोन्ही बाजूंनी. मागं बहिणीची एकतीस पायऱ्यांची उतरंड, पुढं एकच मागणी: माणसं मावणार नाहीत एवढी लहान पेटी बनवली कोणी, आणि भरून सांडली तरी कोणाला न सांगता चालू ठेवली कोणी? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मी ते सोडणारही नाही.

पंधराएक दिवसांनी वसतिगृहातून बहिणीचा फोन आला. खोली मिळाली, मेसचं वरण पातळ आहे, कळंबची मुलगी शेजारच्या खाटेवर आहे, तिच्या बापानं पेढे पाठवले. आणि भागाकार संपले.

"मग?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण याडी चुलीपासून पाहायला लागली.

"एकाचीबी बाकी शून्य नाई आली. खरंच मूळ हाये."

याडीनं विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, फुटला नाही म्हणते.

"जेवली का विचार," याडी म्हणाली.